हिरवं लोणी

गेल्या जानेवारीत नवऱ्याच्या ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. साखर ठीक, रक्तदाब ठीक, आणि एका ओळीपुढे लाल अक्षरात आकडा: एलडीएल १६८. नवरा ३९ वर्षांचा. सडपातळ, सिगारेट नाही, शनिवार-रविवार बॅडमिंटन. त्याने रिपोर्ट पाहिला आणि फोन बाजूला ठेवून म्हणाला, "बघू नंतर."

मी मात्र त्या आकड्यावरून नजर काढून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. माझे सासरे २००१ साली सांगलीत हृदयविकाराच्या झटक्याने गेले. तेव्हा ते ५४ वर्षांचे होते आणि नवरा १६ वर्षांचा. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. आमच्या घरात त्यांचा फोटो, त्यांचं घड्याळ आणि "ह्यांना सगळं चांगलंचुंगलं आवडायचं" हे सासूबाईंचं वाक्य, एवढेच ते मला ठाऊक.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या होत्या. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही. पण मुलाच्या चेहऱ्यावरून आईला कळायचं ते कळतंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या पोळीला नेहमीपेक्षा जास्त तूप लावलं. काळजी वाटली की त्यांचा हात तुपाकडे जातो.

आणि मी काय केलं? मी एचईबीमध्ये जाऊन ॲव्होकाडोची पिशवी आणली. कारण आमच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच आठवड्यात एक संदेश फिरत होता: रोज एक ॲव्होकाडो खा, कोलेस्टेरॉल पळवा. पिशवीत सहा होते. सकाळी टोस्टवर, दुपारी डब्यात, रात्री जेवणात. सासूबाईंनी एक फोड तोंडात घातली आणि म्हणाल्या, "अगं, साबण चावल्यासारखं लागतंय." मग थोडा विचार करून, "उपासाला चालतं का हे?"

साखरेच्या गावात

आम्ही दोघंही साखरपट्ट्यातले. तो सांगलीचा, मी कोल्हापूरची. सात वर्षांपूर्वी ह्युस्टनजवळच्या ज्या गावात राहायला आलो त्याचं नावच शुगर लँड, तेव्हा माहेरचे सगळे हसले होते. हे नाव उगाच पडलेलं नाही. इथे १८४३ पासून साखर तयार होत होती. पुढे इंपीरियल शुगरचा कारखाना गावाचा पोशिंदा झाला, आणि २००३ मध्ये तो बंद पडला. त्याची जुनी विटांची उंच इमारत अजून उभी आहे. आज त्या गावात आपल्यासारखी हजारो देशी कुटुंबं राहतात, आणि जेवणाच्या टेबलावर बोलणं निघालं की कुणाची साखर वाढलेली असते, कुणाचं कोलेस्टेरॉल.

मी भूगोलात एमए केलं आणि इकडे येण्यापूर्वी सहा वर्षं शाळेत शिकवलं. व्हिसाच्या अडचणीमुळे इथे वर्ग नाही, फळा नाही. पण शिक्षकाची एक खोड जात नाही. धडा स्वतःला कळल्याशिवाय दुसऱ्याला सांगायचा नाही. रोज एक ॲव्होकाडो वाढत होते, आणि तो नक्की काय करतो हे मला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांनी मी वही घेऊन बसले.

आधी भूगोलच आठवला. हे फळ मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या नावावरून ॲव्होकाडो हा शब्द आला, आणि ग्वाकामोले म्हणजे सरळ सरळ ॲव्होकाडोची चटणी. आपण दुकानात घेतो ती खडबडीत सालीची, पिकल्यावर काळपट होणारी जात म्हणजे हास. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या बागेत एका बीपासून ते झाड आलं, आणि १९३५ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. मेक्सिकन ॲव्होकाडोला अमेरिकेत १९१४ पासून बंदी होती. ती १९९७ पासून टप्प्याटप्प्याने उठली, आणि मग हे फळ घरोघरी पोचलं. आपल्याकडे कर्नाटक-तमिळनाडूत याला बटर फ्रूट म्हणतात. तेव्हा सासूबाईंना मी सांगितलं, "आई, हे हिरवं लोणी समजा." त्या म्हणाल्या, "लोण्याला लोण्याची चव तरी असते."

डॅलसचे दोन डॉक्टर

कोलेस्टेरॉल या शब्दाला आपण उगाच शिवी करून ठेवलं आहे. शरीरातल्या प्रत्येक पेशीला ते लागतं, आणि बरंचसं आपलं यकृतच तयार करतं. प्रश्न वाहतुकीचा आहे. रक्त पाण्यासारखं, कोलेस्टेरॉल तेलासारखं. ते रक्तात विरघळत नाही, म्हणून शरीर ते छोट्या छोट्या गाड्यांत भरून पाठवतं. एलडीएल ही त्यातलीच एक गाडी. माल पोचवून झाल्यावर या गाड्या रस्त्यावरून उचलल्या गेल्या पाहिजेत. त्या फार वेळ फिरत राहिल्या तर रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात, तिथे थर साचतो, आणि एक दिवस तो थर फुटून गुठळी होते. त्यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो.

या गाड्या उचलतं कोण, हे शोधलं आपल्याच टेक्सासमध्ये. डॅलसच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रातल्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या जोडीने दाखवलं की पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएलला पकडून आत घेणारे रिसेप्टर असतात. गाड्या लागायच्या धक्क्यांसारखे. सर्वांत जास्त काम यकृतावरचे धक्के करतात. ज्यांच्यात जन्मतःच हे धक्के कमी असतात त्यांचं एलडीएल लहानपणापासूनच फार वाढलेलं असतं. या शोधाला १९८५ चं नोबेल मिळालं.

आता स्वयंपाकघराशी संबंध असा: सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तूप, लोणी, साय, चीज, खोबरेल, पामतेल यांतली थंडीत थिजणारी चरबी, जास्त खाल्ली तर यकृतावरचे हे धक्के कमी होतात. गाड्या रस्त्यावरच राहतात आणि रिपोर्टमध्ये एलडीएलचा आकडा वाढतो. शेंगदाणा, ऑलिव्ह, बदाम आणि ॲव्होकाडो यांच्यात मुख्यतः मोनोअनसॅच्युरेटेड फॅट असतं. तुपाच्या जागी ते आलं की धक्के पुन्हा कामाला लागतात.

यातला "जागी" हा शब्द मी वहीत दोनदा अधोरेखित केला.

रोज एक, पण कशाच्या जागी?

ॲव्होकाडोच्या १०० ग्रॅम गरात साधारण १६० कॅलरी, १५ ग्रॅम चरबी आणि ७ ग्रॅम तंतू असतात. त्या चरबीतली १० ग्रॅम मोनोअनसॅच्युरेटेड आणि फक्त २ ग्रॅम सॅच्युरेटेड. कोलेस्टेरॉल शून्य, ते तर कुठल्याच फळात नसतं. पोटॅशियम भरपूर. म्हणजे फळ गुणी आहे यात शंका नाही. पण गुणी माणूस घरात आला म्हणून घर आपोआप सुधारत नाही, त्याला कुठलं काम देतो यावर ते अवलंबून.

पेन स्टेट विद्यापीठाचा २०१५ चा एक अभ्यास आहे. वजन जास्त असलेल्या ४५ जणांना पाच-पाच आठवडे तीन प्रकारचं जेवण दिलं. एक कमी चरबीचं, दुसरं मध्यम चरबीचं, तिसरं तेवढ्याच चरबीचं पण रोज एक ॲव्होकाडो घालून. सगळं जेवण संशोधकांनीच मोजून पुरवलं. ॲव्होकाडोच्या जेवणात एलडीएल सुमारे साडेतेरा अंकांनी उतरलं, बाकी दोन्हींत सात ते आठ अंकांनी. व्हॉट्सॲपवरचा संदेश बहुधा इथूनच निघाला असावा.

पण त्या संदेशात नसलेला दुसरा अभ्यास २०२२ चा आहे. चार विद्यापीठांनी मिळून कंबरेचा घेर वाढलेल्या १००८ लोकांना घेतलं. अर्ध्यांना सांगितलं, नेहमीचं जेवण जेवा आणि वर रोज एक ॲव्होकाडो खा. सहा महिन्यांनी पाहिलं तर पोटातली चरबी होती तेवढीच. वजन वाढलं नाही, ही चांगली गोष्ट. पण एलडीएलमधला फरक फक्त अडीच अंकांचा.

फळ तेच, रोज एकच, आणि एकदा साडेतेरा, एकदा अडीच. का? कारण पहिल्या वेळी सगळं ताटच बदललं होतं आणि त्यात ॲव्होकाडो होता. दुसऱ्या वेळी ताट जुनंच होतं आणि ॲव्होकाडो त्यावर पाहुणा म्हणून आला होता.

तिसरा अभ्यास हार्वर्डचा, तोही २०२२ चा. १ लाख १० हजारांहून जास्त परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातल्या लोकांचा ३० वर्षं पाठपुरावा केला. आठवड्यातून दोन किंवा जास्त वेळा अर्धा ॲव्होकाडो खाणाऱ्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार २१ टक्क्यांनी कमी आढळला. पक्षाघातात मात्र फरक दिसला नाही. आणि लोणी, चीज किंवा प्रक्रिया केलेलं मांस यांच्या जागी ॲव्होकाडो घेतला तर धोका कमी दिसतो, असा हिशोबही त्यात मांडला आहे. पुन्हा तोच शब्द, जागी. इथे एक सावधपणा हवा. असा अभ्यास दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच सांगतो. ॲव्होकाडो खाणारा माणूस बहुधा चालायलाही जातो आणि वेळेवर तपासणीही करतो. श्रेय कशाला द्यायचं?

आणखी एक गोष्ट, जी मी वर्गात मुलांना नेहमी सांगायचे. नकाशा वाचताना तो कुणी काढला हे पाहावं. वरच्या पहिल्या दोन अभ्यासांना हास ॲव्होकाडो बोर्डाचा पैसा आहे. हे बोर्ड अमेरिकेच्या कायद्याने स्थापन झालेलं, विकल्या जाणाऱ्या फळांमागे वर्गणी घेऊन प्रचार आणि संशोधन करणारं. म्हणून ते अभ्यास खोटे ठरत नाहीत. उलट अडीच अंकांचा निकाल त्यांनी छापला, ही प्रामाणिकपणाचीच खूण. पण शेंगदाण्याच्या लाडवावर एवढा पैसा कुणी लावत नाही, हेही लक्षात ठेवावं.

मी वही मिटली आणि आमच्या ताटाकडे पाहिलं. आम्ही अगदी त्या १००८ लोकांसारखे होतो. तूप तेच, चहातली साय तीच, लेकीच्या सँडविचमधलं चीज नवऱ्याच्या तोंडात जायचं तेही तेच, आणि वर ॲव्होकाडो.

आपल्यालाच का?

"आपण तर शाकाहारी, आपल्याला कसलं कोलेस्टेरॉल?" हे वाक्य मी मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला ऐकते. पण हृदयाच्या बाबतीत आपण दक्षिण आशियाई लोक जगात वेगळे पडतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दिसलं की आपल्या भागातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र तो ५८-५९ च्या सुमारास. अमेरिकेतल्या आपल्या लोकांवर सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो इथून २०१० पासून एक खास अभ्यास चालू आहे. त्याचं नाव चक्क मसाला. आणि २०१८ मध्ये इथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी कोलेस्टेरॉलची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून स्पष्ट लिहिला. दुसरा घटक म्हणजे वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झालेला असणं.

सासरे ५४ चे होते. मी ती ओळ परत परत वाचली.

त्या रात्री नवऱ्याला वही दाखवली. "बघू नंतर" म्हणाला नाही. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आईला कसं सांगणार?"

तुपाचा डबा

शेवटी सांगितलं मीच. दुपारी भाजी निवडताना. आधी आकडा सांगितला, मग तुपाचा हिशोब. इथल्या हार्ट असोसिएशनचा सल्ला असा की एलडीएल उतरवायचं असेल तर सॅच्युरेटेड फॅट एकूण कॅलरींच्या सहा टक्क्यांखाली ठेवावं, म्हणजे २००० कॅलरींच्या जेवणात सुमारे १३ ग्रॅम. मोठ्या चमचाभर तुपात ८ ते ९ ग्रॅम असतं. "आई, त्याच्या पोळ्यांना आणि भाताला मिळून दोन चमचे सहज होतात. दुधाची, चीजची भर वेगळीच."

मला वाटलं होतं, त्या रागावतील. तुपाच्या गुणांवर बोलतील. त्या गवारीच्या शेंगा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांचंही शेवटचं वर्षभर तूप बंद केलं होतं मी. छातीत जळजळतं म्हणायचे, कुणीतरी सांगितलं तूप सोडा. पुरणपोळीवरसुद्धा दिलं नाही. हात पुढे करायचे आणि मी डबा मागे घ्यायचे. आणि तरी गेलेच की गं. मग मी ठरवलं, पोराला कधी नाही म्हणायचं नाही."

बारा वर्षं मी त्या तुपाकडे हट्ट म्हणून पाहत होते. ते काय होतं, हे मला त्या दुपारी कळलं.

मी म्हटलं, "आई, बंद नाही करायचं. जागा बदलायची." मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. पोळीला तूप नाही. कणीक मळताना शेंगदाणा तेल चमचाभर. वरणभातावर तूप राहील, पण छोटा चमचा, आणि तो त्यांच्या हातचा. चहाचं दूध बिनसायीचं. डब्यातल्या सँडविचमध्ये लोणी-चीजच्या जागी कुस्करलेला ॲव्होकाडो आणि हिरवी चटणी. पांढऱ्या ब्रेडच्या आणि भाताच्या काही वाढण्यांच्या जागी उसळ. कारण आपली दुसरी गडबड पिठा-साखरेची आहे, तिने ट्रायग्लिसराइड्स वाढतात. तिथे तुपाला दोष देऊन चालणार नाही.

ॲव्होकाडोची खरी युक्ती सासूबाईंनीच शोधली. "ह्याला वांग्यासारखं वागवून बघू," म्हणाल्या. पिकलेले दोन ॲव्होकाडो हाताने कुस्करायचे. बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, भरपूर लिंबू, आणि मूठभर दाण्याचं कूट. वरून छोट्या कढल्यात मोहरी-हिंगाची फोडणी. फोडणी गार करून घालायची, कारण हे फळ जास्त तापलं तर कडवट होतं. असं भरीत आणि ज्वारीची भाकरी. नवऱ्याने दोन वेळा मागून घेतलं. लेक म्हणाली, "आजी, हे तर ग्वाकामोले!" आजी म्हणाल्या, "असेल. आम्ही भरीत म्हणतो." साबणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

चौघांत दोन ॲव्होकाडो, आठवड्यातून चार दिवस. एवढंच. रोज एक माणशी ही चैन आम्ही सोडून दिली.

गोळी

मे महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. एलडीएल १४१. सत्तावीस अंक उतरले होते. मी पेढे वाटायच्या बेतात होते.

डॉक्टरबाईंनी अभिनंदन केलं, आणि मग म्हणाल्या की वडिलांचं वय, सुरुवातीचा १६८ चा आकडा आणि आपला वंश पाहता मी आणखी एक चाचणी करते. तिचं नाव लायपोप्रोटीन ए. हे एलडीएलचंच एक चिकट भावंड. ते किती असणार हे जवळजवळ सगळं जन्मतःच ठरतं, आहाराने फारसं हलत नाही. म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुधा पुरतं. नवऱ्याचं जास्त निघालं. त्यांनी स्टॅटिनची गोळी सुरू करावी असं सुचवलं.

नवरा घरी येऊन चिडला. "मग चार महिने हे हिरवं गवत कशाला खाल्लं? चाळिशीच्या आत कायमची गोळी?" खरं सांगायचं तर मलाही हरल्यासारखं वाटलं. आहाराने जमलं नाही म्हणजे माझ्या स्वयंपाकघराने जमवलं नाही, असं काहीसं.

पण वही पुन्हा उघडली आणि धडा कळला. आहार आणि गोळी एकच काम दोन बाजूंनी करतात. गोळी यकृतातलं कोलेस्टेरॉल तयार करणं कमी करते, मग यकृत गाड्या उचलायला जास्त धक्के बांधतं. आहार आहे ते धक्के मोडू देत नाही. एकाने दुसऱ्याची सुट्टी होत नाही. आणि वडिलांकडून जे रक्तात आलं, त्याच्याशी भरीत-भाकरी एकटी लढू शकत नाही, यात कुणाची हार नाही.

गोळी सुरू झाली. गोळीच्या पाकिटाबरोबरच्या कागदावर आणखी एका फळाची गंमत कळली. काही स्टॅटिनबरोबर ग्रेपफ्रूट खाऊ नये, कारण त्याने रक्तात औषधाचं प्रमाण वाढतं. तांबडं ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या टेक्सासचं राज्यफळ! गोळी चालू असेल तर डॉक्टरांना हे विचारून घ्या. नऊ आठवड्यांनी एलडीएल ८२ आलं.

तो आकडा सासूबाईंना दाखवला. त्या तोवर कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट वाचायला शिकल्या होत्या. चष्मा लावून ओळ शोधली, बोट ठेवलं आणि विचारलं, "ही गोळी तेव्हा होती का गं?"

मी खोटं बोलू शकले असते. पहिली स्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली, आणि २००१ मध्ये ती आपल्याकडेही मिळत होती. मी म्हटलं, "होती, आई. पण त्यांचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं."

त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी फोटोला हार घातला, आणि मला म्हणाल्या, "माझंही रक्त तपासून घे. गावाकडे गेल्यावर धाकट्यालाही सांगते."

तिकडच्या मंडळींसाठी

हा अंक भारतातल्या घरांतही वाचला जातो, म्हणून थोडं तिकडचं. माझ्या आईचा कोल्हापूरहून फोन आला, "इथे मॉलमध्ये ते हिरवं फळ मिळतं, पण एकाच्या पैशात किलोभर शेंगदाणे येतील. घेऊ का?" मी म्हटलं, "शेंगदाणेच घे." ॲव्होकाडोत जे मोनोअनसॅच्युरेटेड फॅट आहे, ते शेंगदाण्यातही भरपूर आहे. तंतू उसळीत, मटकीत, ज्वारी-बाजरीत, पेरूत आहेत. जवसाची चटणी, तिळकूट, मूठभर दाणे हे आपलेच ॲव्होकाडो. फक्त तेही तुपाच्या, वनस्पतीच्या, फरसाणाच्या जागी आले पाहिजेत, वर नाही.

दोन सावधगिऱ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल आणि पोटॅशियम जपायला सांगितलं असेल, तर ॲव्होकाडो डॉक्टरांना विचारूनच खावा. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर आहारात एकदम मोठा बदल करण्यापूर्वी विचारावं, कारण या फळात के जीवनसत्त्वही असतं.

आणि दिवाळीचं एक. आपल्या लहानपणी करंजीच्या साट्यात, शंकरपाळीच्या मोहनात डालडा असायचा. त्याने पापुद्रे सुटायचे, आणि त्यातलं ट्रान्स फॅट एलडीएल वाढवून चांगलं एचडीएल उतरवायचं. दोन्हींकडून मार. अमेरिकेने तसं अंशतः हायड्रोजनेट केलेलं तेल २०१८ पासून खाद्यपदार्थांतून काढायला लावलं. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातलं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम झाला. पण तेच तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापवणं आपण घरी करतोच. चकलीचं उरलेलं तेल चिवड्याला, चिवड्याचं शेवेला, आणि शेवेचं पुढच्या आठवड्यात पुऱ्यांना. या वर्षी तेवढं तरी टाळू या.

आमच्याकडे या दिवाळीत करंजीच्या साट्यात साजूक तूपच असेल. माणशी दोन करंज्या, मोजून. चिवडा भाजक्या पोह्यांचा, दाणे जास्त. सासूबाई आता सांगलीला परतल्या आहेत. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला फराळाची यादी सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "पाडव्याला ह्यांच्या नैवेद्याला पुरणपोळी ठेव. तिच्यावर तूप घाल, भरपूर. त्यांना आता कोण अडवतंय!" आणि हसल्या. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीवर त्या हसलेल्या मी ऐकल्या, असं नवरा म्हणाला.

तुम्हीही या दिवाळीत फराळाला बसाल, भाऊबीजेला बहिणीकडे जाल, भारतात फोन लावाल. तेव्हा गप्पांच्या ओघात एवढंच विचारा: आपल्या घरात हृदयविकाराने कोण गेलं, आणि कितव्या वर्षी? उत्तर कागदावर लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. ॲव्होकाडो त्यानंतर आणला तरी चालेल.